यरीहो आणि डेअरीची भिंत

बसा, बसा. चहा उकळतोय तोवर माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती तुम्हाला सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावून सांगेल, आणि खरं सांगू का, या गोष्टीला वरून काही लावायची गरजच नाही.

माझं नाव शांतवन. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलं असणार. पण आमच्या घाटनांदूरच्या बाजूला कुणालाही विचारा, "शांतवन गुरुजी कोण?" तर लोक म्हणतात, "ते ओरडण्याचे गुरुजी का?" एवढी माझी कीर्ती! आता ती कशी झाली ते ऐका.

पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. बोअर आटले, आड आटले, नदीच्या वाळूत झिरे खणले तर तेही दोन दिवसांत कोरडे. टँकर यायचा, पण कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. पाणी म्हणावं असं पाणी गावात एकाच ठिकाणी होतं. दूध सोसायटीच्या आवारातल्या विहिरीला. जुनी, दगडी, पायऱ्यांची विहीर. तळाला का होईना, पण झरा जिवंत होता.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. ख्रिस्ती घरं अकरा, त्याला लागून बौद्धांची वीस-बावीस. वस्तीपासून डेअरीची विहीर हाकेच्या अंतरावर. तिथलंच पाणी भरून दिवस निघत होते.

आणि मग सोसायटीची सर्वसाधारण सभा भरली.

सोसायटीची सभा तुम्ही पाहिलीय का कधी? चेअरमन कागद वाचतो, कुणी ऐकत नाही, आणि वाचून झालं की सगळे एका सुरात ओरडतात, "मंजूर!" माझी एक म्हैस होती, म्हणून मीही सभासद. मागच्या रांगेत बसून चिवडा खात होतो. चेअरमननी पाचवा का सहावा ठराव वाचला. मी तोंडातला घास आवरून दणदणीत आवाजात ओरडलो, "मंजूर!" माझा आवाज पहिल्यापासून खणखणीत. माझं ऐकून पुढचे ओरडले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय ठरलं सभेत?"

"काही नाही गं, नेहमीचंच."

आठ दिवसांनी डेअरीच्या आवाराभोवती विटा येऊन पडल्या. तेव्हा मला कळलं की मी काय मंजूर करून आलो होतो. आवाराला भिंत! विहीर भिंतीच्या आत! पाणी फक्त चारा-छावणीतल्या जनावरांना आणि दुधाचे कॅन धुवायला!

बायकोचं नाव मार्था. कमी बोलते, पण बोलते तेव्हा खिळा ठोकल्यासारखं. म्हणाली, "म्हणजे ही भिंत तुमी ओरडून उभी केली."

चेअरमन आबासाहेब माणूस वाईट नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक करून मोकळे व्हाल. त्याचं म्हणणं साधं होतं. "गुरुजी, माणसाला टँकर येतो. मुक्या जनावराला कोण देतं पाणी? म्हशी मेल्या तर गावाचं दूध गेलं. मग माणसं तरी कशावर जगणार?" उत्तर असेलही, पण मंजूर म्हणून ओरडलेल्या माणसाच्या तोंडून ते निघत नव्हतं.

भिंत झाली. समोर मोठं फाटक, त्याला कुलूप. मागच्या बाजूला कॅन धुवायच्या जागेपाशी एक छोटं लोखंडी कवाड, त्यालाही कुलूप. आणि आमच्या बायका निघाल्या डोक्यावर हंडे घेऊन, माळ ओलांडून, दीड कोस लांबच्या एका मळ्यात.

आमच्या वस्तीत एस्तेरमावशी म्हणून एक म्हातारी. सगळ्यांची मावशी. अंगापिंडानं काटकी, पण डेअरीतले कॅन धुवायचं काम ती पंधरा वर्षं करत आलेली. तिच्या हाताखालून गेलेल्या कॅनमध्ये तोंड दिसायचं. तिची सून लीला, पाचवा महिना लागलेला. एके दिवशी दुपारी माळावरून येताना लीलाचा पाय घसरला. हंडा गेला, हाताचं हाड मोडलं. पोटाला काही झालं नाही, पण अंबाजोगाईच्या दवाखान्यातून निरोप येईपर्यंत आमच्या अकरा घरांत कुणी भाकरी थापली नाही.

मावशी रडली नाही. लीलाचा मोडलेला हात मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "गुरुजी, आता काहीतरी करा."

त्याच सुमारास आमच्या चर्चचे पाळकसाहेब काही दिवस परगावी गेलेले. रविवारचा संदेश कोण देणार? मंडळीत शिकलेला मी. मला म्हणाले, "गुरुजी, तुमी द्या."

आता विचार करा. मी काय संदेश देणार? शास्त्र म्हणजे आमचं बायबल, ते चाळता चाळता यरीहोची गोष्ट समोर आली. तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. यरीहो म्हणून एक तटबंदीचं शहर. इस्राएलाचे लोक बाहेर. देवानं त्यांच्या पुढाऱ्याला, यहोशवाला, सांगितलं की शहराभोवती रोज एक फेरी घाला, सहा दिवस. याजकांनी शिंगं फुंकायची, पण लोकांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. सातव्या दिवशी सात फेऱ्या. आणि मग यहोशवानं सांगताच सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकायची. त्यांनी ठोकली. तट जागच्या जागी कोसळला!

मी तो संदेश असा दिला म्हणता! हात वर केले, टेबलावर मूठ आपटली. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "भावांनो, बहिणींनो, भिंत कितीही मोठी असो, देवाच्या माणसांची आरोळी तिच्यापेक्षा मोठी असते! आमेन!"

"आमेन!" सगळे म्हणाले. छप्पर हललं.

मला वाटलं संदेश संपला. कसला संपतोय! दुपारी चार बायका आणि त्यांचे नवरे दारात हजर.

"गुरुजी, कवापासून सुरू करायच्या?"

"काय?"

"फेऱ्या."

आता त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की अहो, ती शास्त्रातली गोष्ट, तिचा अर्थ वेगळा. पण सकाळचा आमेन अजून माझ्या कानात घुमत होता ना! तुम्ही कधी संदेश दिलाय का? तो आमेन डोक्यात गेला की माणूस माणूस राहत नाही. मी म्हणालो, "उद्यापासून."

मार्था आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "शास्त्रात बआल देवाचे पुजारीबी दुपारपर्यंत ओरडत होते. एलीया संदेष्ट्यानं त्यांना सांगितलं, अजून जोरानं ओरडा, तुमचा देव झोपला असंल. वाचलंय ना?"

"ते वेगळं," मी म्हणालो.

"असंल," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

सोमवारी सकाळी आम्ही तीसेक जण निघालो. पुढं मी. शिंगाच्या जागी शाळेतली कवायतीची शिट्टी गळ्यात, पण ती मी सातव्या दिवसासाठी राखून ठेवली होती. मी सगळ्यांना नियम समजावून दिले. फेरीत बोलायचं नाही. इकडंतिकडं बघायचं नाही. आणि फेरी संपल्यावरही, सात दिवस पुरे होईपर्यंत, त्या भिंतीविषयी कुणी कुणाशी एक शब्द काढायचा नाही. हा शेवटचा नियम शास्त्रात नाही बरं का. तो मी माझ्या पदरचा घातला. मास्तरला नियम वाढवायची खोड असते.

फेरी घालून परत आलो तर वस्तीच्या तोंडाशी प्रल्हाद उभा. प्रल्हाद आमच्या शेजारच्या गल्लीतला, बुद्धविहारात वंदना सांगणारा, मोर्चे-धरणी पाहिलेला माणूस.

"गुरुजी, हे काय चाललंय बे?... म्हणजे, काय चाललंय गुरुजी?"

मी तोंडावर बोट ठेवलं. मागून कुणीतरी त्याला बाजूला नेऊन समजावलं. संध्याकाळी तो घरी आला.

"आमी बी येतो उद्यापासून. देव तुमचा असंल, तहान आमची बी हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सत्तरच्या वर. प्रल्हादानं एक रास्त शंका काढली होती. "सातव्या दिवशी ओरडायचं काय? तुमी हालेलूया म्हणाल, आमची माणसं काय म्हणतील?" त्यावर लीला, गळ्यात हात बांधलेली, हळूच म्हणाली होती, "पाणी म्हणा की." झालं. ठरलं. सगळ्यांनी मिळून एकच शब्द. पाणी.

आता डेअरीत काय चाललं होतं ते बघा. आबासाहेबानं आयुष्यात मोर्चे पाहिले होते. घोषणा ऐकल्या होत्या. घोषणेला काय उत्तर द्यायचं ते त्याला पाठ होतं. पण सत्तर माणसं येतात, एक शब्द न बोलता आवाराला वळसा घालतात आणि निघून जातात, ह्याला काय उत्तर द्यायचं? पहिल्या दिवशी तो हसला. दुसऱ्या दिवशी खिडकीत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी फाटकातून बाहेर आला आणि माझ्या बरोबरीनं चालायला लागला.

"गुरुजी, काय मागणी हाय तुमची?"

मी समोर बघून चालतोय.

"अहो, निवेदन तरी द्या. कागद द्या कागद!"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"कावून बोलत न्हाई तुमी? माझं काही चुकलं का? बसून बोलू की!"

सांगा बरं मला, ज्या माणसाशी बोलायला आमची माणसं महिनाभर तडफडत होती, तो माणूस हात जोडून "बोला" म्हणत होता, आणि मी? मी मान ताठ करून पुढं! शास्त्राची आज्ञा! मागून येणाऱ्यांना माझा केवढा अभिमान वाटला असेल, असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मावशी कॅन धुऊन परत आली ती थेट माझ्या दारात.

"गुरुजी, एक सांगायचंय. डेअरीतल्या कवाडाचं..."

"मावशी!" मी हात वर केला. "भिंतीचं काही असेल तर सात दिवस बोलायचं नाही. ठरलंय ना आपलं?"

"अवो पण आबासाहेबानं..."

"आबासाहेबाचं तर मुळीच नाही."

ती उंबऱ्यातूनच मागं फिरली.

पाचव्या दिवशी फेरी सुरू व्हायच्या आधी ती पुन्हा माझ्याजवळ आली. तोंड उघडलं. मी शिट्टी ओठाला लावायचं नाटक केलं आणि डोळे मोठे केले. वर्गात हे चालायचं. मावशी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी.

सहाव्या दिवशी काय झालं ते सांगताना अजून माझी मान खाली जाते. फेरी अर्ध्यावर आली होती. आम्ही मागच्या लोखंडी कवाडासमोरून चाललो होतो. आणि रांगेच्या शेवटून मावशीचा आवाज आला. म्हातारीचा आवाज तो, चिरका, फाटका.

"ओ गुरुजी! थांबा की! हे कवाड..."

मी मागं वळलो आणि म्हणालो, "शूऽऽऽ!"

माझं बघून माझ्यामागचे वळले. "शूऽऽऽ!" मग सगळी रांग. आता शंभरावर माणसं झाली होती. शंभर माणसं एका म्हातारीकडं वळून बोटं ओठावर ठेवून "शूऽऽऽ" करतायत. फुग्यातून हवा निघावी तसा आवाज. ती पुन्हा ओरडली, आधीपेक्षा जोरात. "गुरुजी, ऐका तरी!" तेव्हा तिच्याशेजारच्या बाईनं तिच्या तोंडावर पदरच धरला.

मावशी गप्प झाली. आम्ही पुढं निघालो. शिस्त म्हणजे शिस्त!

सातवा दिवस. रविवार. सकाळची उपासना आटोपून सगळे निघालो. गावातले बघे दोन्ही बाजूंना. मी रांगेवरून नजर फिरवली. मावशी दिसली नाही. मनात म्हणालो, रुसली. बरं झालं, गडबड तरी होणार नाही. देवा, मला क्षमा कर, पण मी खरंच असं म्हणालो.

सात फेऱ्या. उन्हानं जमीन तापलेली. तिसऱ्या फेरीला बायकांच्या तोंडाला कोरड पडली. पाचव्या फेरीला लीला खाली बसली, मार्था तिला धरून सावलीत घेऊन गेली. डेअरीच्या पश्चिमेला, भिंतीला बाहेरून अगदी खेटून छावणी. पन्नास-साठ म्हशी दावणीला बांधलेल्या, दुपारच्या पाण्याची वाट बघत. प्रत्येक फेरीला आम्ही त्यांच्यामागून जायचो आणि त्या माना वळवून आमच्याकडं बघायच्या. त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं जे आमच्या.

सातवी फेरी पुरी झाली ती नेमकी छावणीमागं. मी थांबलो. वळलो. शंभर-सव्वाशे माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली.

"पाणीऽऽऽ!"

मी जन्मात असा आवाज ऐकला नाही. सात दिवस कोंडलेला, दोन वर्षं कोंडलेला, कुणास ठाऊक किती वर्षं कोंडलेला. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला.

म्हशींना मराठी कळतं की नाही, ह्यावर आमच्या गावात अजून वाद आहे. काही म्हणतात त्या दचकल्या. प्रल्हाद म्हणतो, "त्यांना पाणी म्हटलेलं कळलं." काहीही असो, पन्नास-साठ म्हशींनी एकदम हिसका दिला, दावण तुटली, आणि सगळा कळप सरळ विहिरीच्या दिशेनं सुटला. विहीर भिंतीला लागूनच, पण मध्ये भिंत! पण ती भिंत कसली? दुष्काळात बांधलेली. बांधकामाला पाणी मारायला कुठून आणणार? पाणी राखायला उभी केलेली भिंत, तिला स्वतःला पाणी मिळालेलं नव्हतं. पहिल्या चार म्हशींनी टक्कर दिली आणि वीस-पंचवीस हात भिंत धाडकन आतल्या अंगाला कोसळली.

धुरळा! कुणाला काही दिसेना. आणि मग आरोळी उठली, "पडली! पडली!" बायका नाचायला लागल्या. प्रल्हादानं मला उचललं. कुणी हालेलूया म्हणतंय, कुणी जयभीम म्हणतंय. मी हात वर करून उभा. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाटलं, यहोशवा तो दुसरा कोण!

तेवढ्यात धुरळ्यातून आबासाहेब पळत आला. डोक्यावरची टोपी गेलेली, धोतराचा सोगा हातात.

"गुरुजी! अहो थांबवा ते! मावशी आत हाय! मावशी विहिरीत उतरलीय!"

"आत? आत कशी जाईल?"

"कवाडातून! कवाडाचं कुलूप काढून तीन दिवस झाले! नुसती कडी लावलेली हाय! मी मावशीला सांगितलं, गुरुजींच्या कानावर घाला, वस्तीनं पाणी न्यावं, फक्त बोभाटा नको, गावात माझी शोभा व्हायची. तिनं सांगितलं न्हाई तुमाला?"

नाचणारे पाय थांबले. मी तसाच उभा. माझे वर गेलेले हात खाली येईनात.

म्हणजे तीन दिवस आम्ही उघड्या दाराभोवती तहानलेले फिरत होतो! आणि त्या दारासमोर उभी राहून ती बाई ओरडून सांगत होती!

मी पळालो. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, विटांच्या ढिगावरून, म्हशींच्या मधून. विहिरीचा कठडा अर्धा गेलेला. विटा आत पडलेल्या. पाण्याच्या मोटारीचा पाइप वाकून लोंबत होता. खाली धुरळाच धुरळा. मी वाकलो. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज निघेना. सगळ्या पंचक्रोशीत माझ्याएवढा आवाज कुणाचा नाही, आणि त्या क्षणी माझ्या घशातून एक अक्षर फुटेना.

मग फुटलं. "मावशीऽऽ! एस्तेरमावशीऽऽ!"

ती हाक आरोळी नव्हती. ती काय होती मला सांगता येत नाही. लेकरू गर्दीत हरवल्यावर आईला मारतं तसलं काहीतरी. मी हाक मारत राहिलो. माझ्यामागं सव्वाशे माणसं उभी होती, आणि ह्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळी गप्प होती.

खालून काहीच नाही.

आबासाहेब माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला. त्यानं माझा दंड घट्ट धरला. किंवा मी त्याचा धरला असेल.

मग खालून, अगदी तळातून, आवाज आला.

"कोन वरडतंय एवढं? आले ना!"

जुन्या विहिरींना तळाशी पायऱ्यांच्या बाजूला दगडी कोनाडा असतो, तुम्ही पाहिला असेल. मावशी त्या कोनाड्यात वाकून कळशी भरत होती. विटा तिच्या पाठीमागून पाण्यात गेल्या. खांद्याला एक ओरखडा, पदर फाटलेला, बाकी काही नाही. एकेक पायरी चढून ती वर आली. केस धुळीनं पांढरे, म्हणजे होते त्याहून पांढरे. कमरेवर कळशी. वर येऊन तिनं आधी कळशीत डोकावलं.

"अर्धी सांडली तुमच्या वरडण्यानं," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "तुमी ऐकंनात. म्हटलं, पाणीच आणून दाखवावं."

आणि ती माझ्याजवळ थांबली नाही. सावलीत बसलेल्या लीलाकडं गेली आणि कळशी तिच्या तोंडाला लावली.

मग जे झालं ते विचारू नका. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. आबासाहेब दोन्ही करत होता.

विहीर मात्र गेली. म्हणजे पाणी होतं, पण मोटार फुटली, वर विटांचा खच. भिंत पडली आणि तिच्यासकट पाणीही बंद झालं, वस्तीचंही आणि म्हशींचंही! हा माझा विजय! नऊ दिवस आम्ही सगळ्यांनी साखळी करून विटा वर काढल्या. वस्ती, गाव, सोसायटीचे सभासद, एका ओळीत. आबासाहेब सदरा काढून तिसऱ्या पायरीवर उभा असायचा. माझ्या हातातून वीट घेऊन पुढं देताना एकदा म्हणाला, "गुरुजी, पुढच्या टायमाला कागद द्या हो. निवेदन. शिक्का मारून घेतो मी." मी म्हणालो, "देतो." भिंत पुन्हा बांधायचा विषय कुणी काढला नाही. सकाळी वस्तीनं भरायचं, दुपारी छावणीनं, असं पाण्याचं ठरलं. ते ठरवायला अर्धा तास लागला. बसून.

पाळकसाहेब परत आले. त्यांना सगळं आधीच कळलेलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मला बसवून म्हणाले, "गुरुजी, शास्त्रात ओरडण्याची एकच जात नाही. शास्त्राच्या मूळ इब्री भाषेत रणातल्या आरोळीला जो शब्द आहे, तोच आनंदाच्या गजराला आहे आणि शिंगाच्या इशाऱ्यालाही. ऐकणाऱ्यालाच ओळखावं लागतं. पडलेल्या मंदिराचा पुन्हा पाया घातला तेव्हा लोक एवढे ओरडले की हसणं कुठलं आणि रडणं कुठलं, कुणाला कळेना. प्रभूनं क्रुसावर प्राण सोडला तो मोठ्यानं ओरडून. आणि प्रभूच्या सेवकाविषयी असंही सांगितलंय की तो रस्त्यात आवाज चढवणार नाही. तुम्ही एकच गोष्ट वाचली, आणि तीही घाईत."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

"ह्या रविवारी शास्त्रपाठ तुम्ही वाचा. संदेश मी देतो," ते म्हणाले आणि पान काढून दिलं.

रविवारी मी उभा राहिलो. मंडळी भरलेली. प्रल्हादसुद्धा मागं येऊन बसला होता, मजा बघायला. पान उघडलं. वाट्याला आली होती बार्तीमयाची गोष्ट. आंधळा भिकारी, रस्त्याच्या कडेला बसलेला. प्रभू येतोय हे ऐकून तो ओरडायला लागतो, माझ्यावर दया कर! आणि आजूबाजूचे लोक त्याला दटावतात की गप्प राहा. तो आणखी मोठ्यानं ओरडतो. मग प्रभू थांबतो, त्याला बोलावून घेतो, आणि त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं?

"गप्प राहा" तिथं आलो आणि माझी नजर पुढच्या चटईवर गेली. कसंबसं वाचून पूर्ण केलं. पुस्तक मिटलं.

पुढच्या चटईवर मावशी बसली होती, शेजारी लीला. मावशीनं मान वर केली. उपासनेत मध्येच बोलायची आमच्याकडं रीत नाही, पण त्या दिवशी तिला गप्प करायची कुणाची छाती होती?

"गुरुजी," ती म्हणाली, "त्या आंधळ्याला गप बस म्हणणारे कोन होते?"

"गर्दी होती, मावशी. लोक होते."

"नुसते लोकच?" तिनं अगदी भोळेपणानं विचारलं. "मला वाटलं, त्यात एखादे गुरुजीबी असतील."

मागं आधी प्रल्हाद हसत सुटला. मग मार्था. मग पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

मी म्हणालो, "असणारच, मावशी. पण शास्त्रात त्याचं नाव छापलं नाही, एवढी देवाची कृपा."